बाबांचा मोतीबिंदू आणि तुझे नियम

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालताना मास्कचं टोक जमिनीला लागलं, म्हणून उठून दुसरा मास्क लावला आणि मगच लिहायला बसलो. तू विचारायच्या आत सांगून टाकतो.) तुझी तब्येत कशी आहे? त्या प्लास्टिकच्या पोशाखात दिवसभर घामाने भिजून पाठीवर पुरळ उठलं होतं, ते बसलं का? वेळेवर जेवतेस का? 'हो' असं खोटं लिहू नकोस, तुझ्या आवाजावरून कळतं. इकडे बाबा खुशाल, तुझी भावजय खुशाल, मीही खुशाल. हल्ली 'खुशाल' म्हटलं की समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकून 'चाचणी केलीत का' असं विचारतो, म्हणून तो शब्द बाहेर वापरत नाही, घरच्या पत्रात तेवढा वापरून घेतो.

पत्राचं कारण तुला ठाऊकच आहे. गेल्या पंधरवड्यात मी तुला फोन केला आणि 'बाबांचं ऑपरेशन' एवढे दोन शब्द तोंडातून निघाले असतील-नसतील, तर तू 'साथ पूर्ण जाईपर्यंत नाही म्हणजे नाही' म्हणालीस. मग मी ओरडलो, मग तू ओरडलीस, मग तुझ्या वॉर्डातून कुणीतरी 'सिस्टर, पेशंट झोपलेत' असं म्हणालं, आणि तू दबक्या आवाजात हुकूम सोडलास की उगाच घसा फोडू नकोस, सगळे फायदे-तोटे नीट लिहून पाठव, मी वाचून ठरवते. आपल्या घरात तुझा शब्द मोडायची रीत नाही. लहानपणी तू माझं नाक दाबून औषध पाजायचीस, आणि आता एवढ्या मोठ्या इस्पितळात हेड सिस्टर झालीस, म्हणजे त्या नाक दाबण्याला वरून मान्यता मिळाली असं मी धरून चालतो. तर मुद्दा एवढाच आहे. बाबांना ऑपरेशनला न्यावं तर साथीची भीती, आणि न न्यावं तर जे थोडंफार दिसतंय तेही जायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये बाबा काठी टेकत उभे.

आता फायदे-तोटे म्हटलं की मला आपल्या दुकानाचीच पद्धत येते. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला 'दिसतं का' असं कधी विचारायचं नसतं, हे बाबांनी मला शिकवलं. दिसतं का म्हटलं की माणूस भिडेखातर 'हो' म्हणतो. एक काच लावायची, मग दुसरी लावायची आणि विचारायचं, 'हे बरं की हे?' मग त्याला तुलना करावीच लागते. या साथीत निघालेला एकेक उपाय मी तसाच डोळ्यांपुढे धरून पाहिला आहे. (तू म्हणशील, मी विचारलं बाबांच्या डोळ्यांचं आणि हा सुरू झाला आदम आणि हव्वेपासून. थोडा धीर धर. सरळ मुद्द्यावर यायचं असतं तर फोनच पुरला असता.)

पहिला उपाय मास्क. मास्कचे फायदे तुला सांगणं म्हणजे सुताराला करवत दाखवणं. पण चष्मेवाल्याच्या दुकानात मास्कने काय गोंधळ घातला ते तुला कुणी सांगितलं नसेल. तपासणीच्या खुर्चीत गिऱ्हाईक बसलं, मास्क लावलेलं, त्यावर मी तपासणीची जड फ्रेम चढवली, तिच्यात काच घातली, की त्याचा श्वास नाकाजवळून वर जाऊन काचेवर वाफ धरते. मी विचारतो, हे बरं की हे? तो म्हणतो, दोन्ही अंधूक. मी नंबर वाढवतो. तो धास्तावून अजून जोरात श्वास घेतो. अजून वाफ. मी अजून नंबर वाढवतो. असे मी किती दिवस लोकांच्या श्वासाला नंबर काढून दिले देव जाणे. नवे चष्मे लावून लोक घरी गेले आणि परत यायला लागले. पोस्टातल्या बाई सपाट फरशीवर पायरी असल्यासारखा पाय उचलून चालत आल्या. ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर तर सिग्नलच्या कितीतरी आधी गाडी थांबवून उभे राहायला लागले, आणि त्यांचे विद्यार्थी हीच पद्धत समजून शिकून गेले. शेवटी बाबांनी वरच्या खोलीतून निरोप पाठवला की नाकाच्या वर मास्कला चिकटपट्टी लाव, गाढवा. लावली, वाफ थांबली, सगळ्यांचे नंबर पुन्हा काढून दिले. तात्पर्य काय, तर तोटा मास्कचा नव्हता, माझा होता. दरवर्षी थंडीत मला जो खोकला धरतो तो औषधापुरताही धरला नाही, आणि दिवसभर लोकांच्या तोंडाशी तोंड नेऊन काम करणारा माणूस या साथीत उभा राहिला, हे मी मास्कच्या खात्यावर टाकतो. मास्क बरा.

दुसरा उपाय धुणं. इथे तुझ्या भावजयीचं नाव घ्यावंच लागेल. तू फोनवर 'हात साबणाने धुवा' असं सांगितलंस. तिने 'हात' हा शब्द सोडला आणि बाकीचं घेतलं. भाजी धुतली, पिशवी धुतली, किल्ल्या धुतल्या, टीव्हीचा रिमोट धुतला (तो तेव्हापासून एकच वाहिनी लावतो, शेअर बाजाराची, आणि आम्ही दोघं ती भक्तिभावाने बघतो). वर्तमानपत्र उन्हात वाळवून ते शिळं झाल्यावर घरात घ्यायची. दुकानात येणारी गिऱ्हाइकंही तसलीच. चष्म्यावर रोज सॅनिटायझर फवारून पुसायची, आणि काचेवरचं कोटिंग साप कात टाकतो तसं निघून यायचं. मग काचा बदलायला माझ्याकडेच. धंद्याला फायदा झाला, खोटं कशाला बोलू, पण माझ्यासारख्या सरळ माणसाला तो पचला नाही, म्हणून मी दारावर 'चष्मा साध्या पाण्याने धुवा' अशी पाटी लावली. धुण्याचा हिशोब मी इथे पूर्ण करत नाही. या धुण्याने पुढे एक असं काम केलं की त्याला तोट्यात घालावं की फायद्यात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते ओघाने येईल.

मग औषधोपचार. समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर तुला आठवतात ना, त्यांना आता सगळी गल्ली 'वाफमास्तर' म्हणते. त्यांच्या मते या साथीला, सर्दीला, गुडघेदुखीला आणि मुलांच्या गणिताला एकच उपाय, वाफ. मला शिंक आली ती काच घासण्याच्या यंत्राच्या धुळीने, पण ती त्यांच्या कानावर गेली आणि ते भांडं घेऊनच आले. माझं डोकं टॉवेलखाली घालून त्यांनी मला एवढी वाफ दिली की नाकाचा शेंडा सोलून निघाला आणि पुढे आठवडाभर मी मास्क त्याच्यावर टेकवू शकलो नाही. म्हणजे साथीवरच्या उपायाने साथीवरचा दुसरा उपाय बंद पाडला. शिवाय त्यांच्याकडे गोळ्यांचा साठा होता. कुठल्या आजाराच्या आहेत ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं, पण 'घेऊन ठेवाव्यात' असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी दोन दिवस त्या घेतल्या. पोट असं काही रुसलं की काही विचारू नकोस, आणि वर तुझ्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. बोटाला लावायचं ते प्राणवायू मोजायचं यंत्रही त्यांचंच. थंड पाण्यात काचा धुवून मी बोट पुढे केलं आणि यंत्राने असा आकडा दाखवला की वाफमास्तर मटकन खाली बसले. मीही आडवा झालो. तुझी भावजय तेवढी शांत होती. तिने माझे हात चोळून गरम केले, पुन्हा यंत्र लावलं, आकडा चोख आला. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा. त्यात यंत्राचा दोष नाही, गोळ्यांचाही नाही. ज्याचं काम त्याने करावं, एवढंच.

लशीचं तुला आधीच कळलं आहे, पण अर्धवट. बाबा लस घ्यायला कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले. रांगेत बसून त्यांनी पुढच्या-मागच्या सगळ्यांच्या चष्म्याच्या दांड्या सरळ करून दिल्या (चाचपून. ते चाचपून करताहेत हे मला तेव्हा कळायला हवं होतं). सुई टोचली तर त्यांनी बाईंना 'झालं का' असं विचारलं. दुसऱ्या दिवशी थोडा ताप आला तर म्हणाले, बरं झालं, आज कुणी 'कसं वाटतंय' विचारलं तर खरं उत्तर देता येतं. आणि मी? मी माझ्या सुईपर्यंत पोचलोच नाही. माझ्या पुढच्या माणसाची सुई बघूनच चक्कर येऊन पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा लस टोचून झाली होती असं तुला सांगितलं होतं, ते खोटं. शुद्धीवर आणून, खुर्चीला धरून बसवून टोचली, आणि धरणाऱ्यांत बाबा होते. फायदा मोठा, तोटा माझ्या अब्रूचा. लस बरी.

आता राहिला तुझा सगळ्यात मोठा उपाय, बाबांना वरच्या खोलीत वेगळं ठेवणं. ताई, आम्ही तो डोळ्यांत तेल घालून पाळला. जेवणाचं ताट उंबऱ्यावर, घंटी वाजवायची आणि मागे सरकायचं. बोलायचं ते जिन्याच्या खालच्या पायरीवरून. मी तर बाबांशी फोनवर बोलायचो, मी खाली, ते वर, आणि फोनपेक्षा त्यांचा खराखुरा आवाज जास्त स्पष्ट ऐकू यायचा. पन्नास वर्षं जो माणूस रोज सकाळी दुकानाच्या खिडकीशी बसून चष्म्यांचे इवलेसे स्क्रू आवळायचा, तो वर नुसता बसला. बसला म्हणजे खरंच बसला. त्यांनी वर्तमानपत्र मागणं सोडलं. म्हणाले, नुसत्या वाईट बातम्या, कशाला वाचायच्या. आम्हाला ते पटलं, कारण तेव्हा सगळेच तसं म्हणत होते. समोर घड्याळ असताना 'किती वाजले' विचारायला लागले. आम्ही म्हटलं, वेळ जात नाही बिचाऱ्यांचा. पाणी पेल्याच्या बाहेर ओतायला लागले. आम्ही म्हटलं, वय झालं, हात कापतो. पोस्टातल्या बाई खालून हात करायच्या तर ते उत्तरच द्यायचे नाहीत. आम्ही म्हटलं, घरात कोंडून माणूस तुसडा होतो. बघ ना, एका माणसाची दृष्टी चालली होती आणि तिची प्रत्येक खूण आम्ही साथीच्या नावावर टाकत होतो. उंबऱ्यावरून माणसाचं ताट रिकामं झालेलं दिसतं, डोळे दिसत नाहीत.

आणि आता माझी करामत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी साथीच्या आधीच सांगितलं होतं की मोतीबिंदू पिकतोय, करून टाका. मग साथ आली आणि असली कामं बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा तू मला म्हणालीस, तू चष्मेवाला ना, तूच तपास, अजून किती दिसतं ते कळव, मग बघू. मी बाबांना खाली आणलं, खुर्चीत बसवलं, समोरच्या भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बोट केलं. बाबांनी वरच्या मोठ्या अक्षरापासून अगदी शेवटच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवलं. मी खूश. तुला ताबडतोब कळवलं की दृष्टी अजून उत्तम, घाई नाही. तू म्हणालीस, मग थांबू या. जो तक्ता या माणसाने आपल्या हाताने त्या भिंतीवर टांगला, ज्याच्यापुढे अख्खं आयुष्य उभं राहून काढलं, तो तक्ता लावून मी त्याचे डोळे तपासले! पाढे शिकवणाऱ्या मास्तरांना दोन एके दोन विचारून हुशार ठरवण्यातला प्रकार. दिव्याखाली अंधार म्हणतात, आमच्या दुकानात तो दिव्याच्या खालीही होता आणि वरही.

हे पितळ उघडं पाडलं तुझ्या भावजयीच्या धुण्याने. मागच्या महिन्यात तिने दुकान धुवायला काढलं. तिचं म्हणणं असं की सगळी गिऱ्हाइकं त्या तक्त्याकडे तोंड करून मोठमोठ्याने अक्षरं वाचतात, म्हणजे साथीचे सगळे किडे तक्त्यावर. (यात तर्क आहे, हे मान्य कर.) तिने कपड्यांचे डाग काढायचं पाणी लावून तक्ता असा काही घासला की किड्यांबरोबर अक्षरंही गेली. एकही अक्षर शिल्लक नाही. पांढराशुभ्र पत्रा. तिने तो वाळायला पुन्हा खिळ्याला टांगला आणि मला कसं सांगावं या विचारात मागे जाऊन बसली. तेवढ्यात मी बाबांना पुन्हा तपासायला खाली आणलं, कारण तू पुन्हा विचारलं होतंस. बाबा नेहमीसारखे खुर्चीच्या हाताला हात लावून बसले, घसा खाकरला, आणि मी दिवा लावायच्या आधीच वाचायला लागले. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी. मी मान वर केली तर भिंतीवर नुसता पांढरा पत्रा. बाबा वाचतच होते. शेवटच्या ओळीला ते थोडे थांबले, भुवया आक्रसल्या, मान जराशी पुढे केली, एक अक्षर चुकल्यासारखं करून दुरुस्तही केलं. (ताई, काय तो अभिनय. आपल्या घराण्यात नाटकवाला झाला नाही असं कोण म्हणतं.) तुझी भावजय दारात येऊन उभी राहिली होती. तिने पत्र्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

मला आधी हसू आलं, ते खरं सांगतो. मग मी दुकानाचं दार लोटून घेतलं. मी बाबांजवळ गेलो. नियम मोडून गेलो, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसलो. म्हटलं, बाबा, तक्ता कोरा आहे. ते म्हणाले, "कधीपासून?" मी म्हटलं, आज सकाळपासून. तर म्हणाले, "मग आधीच्या वेळचं तरी बरोबर होतं." मी विचारलं की हे असं का केलंत, आम्हाला सांगायचं नाही का. तेव्हा ते जे बोलले ते मी तुला फोनवर सांगणार होतो, पण तू सांगू दिलं नाहीस, म्हणून जसंच्या तसं लिहितो. म्हणाले, "पोरीच्या वॉर्डात माणसं श्वासाला महाग झालीत. तिला मी काय सांगू, मला घड्याळ दिसत नाही म्हणून? ती धावत आली असती. आणि मला काही झालं असतं तर जन्मभर म्हणाली असती, मीच रोग नेऊन दिला बाबांना." एवढं बोलून त्यांनी माझा हात चाचपला आणि म्हणाले, तुझ्या बायकोला रागावू नकोस, तक्ता जुनाच झाला होता.

तर ताई, हे सगळं धरून आता फायदे-तोटे मांडतो. तू ज्याला भितेस ते खोटं नाही. तू वॉर्डात जे पाहिलंस ते मी पाहिलं असतं तर मी बाबांना कपाटात ठेवून किल्ली गिळली असती. तुझ्या नियमांमुळे हे घर शाबूत राहिलं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आणि हे तुझ्या तोंडावर म्हणायची मला लाज वाटते म्हणून पत्रात लिहितो. पण थांबण्याचेही तोटे असतात आणि ते कुणी मोजत नाही, कारण ते गाजावाजा करत येत नाहीत. बाबा जिन्याची शेवटची पायरी चुकून दोनदा पडता पडता वाचले आहेत. तिसऱ्यांदा पडले आणि खुबा मोडला, तर जे इस्पितळ टाळतोय तिथेच न्यावं लागेल, आणि तेही महिनाभरासाठी. उलट डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना लहान आहे. ते एका वेळी एकच पेशंट आत घेतात, आधी चाचणी करायला लावतात, खिडक्या उघड्या ठेवतात, आणि काम झालं की त्याच दिवशी घरी. बाबांचे लशीचे दोन्ही डोस झाले आहेत. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. शून्य नंबरचा चष्मा आम्ही विकतो, शून्य धोक्याचं काही विकत नाही. हे बरं की हे, एवढंच मी विचारतो. निर्णय अर्थात तुझाच. तू म्हणशील ती पूर्व दिशा. आजवर तुझा शब्द मोडला नाही, पुढेही मोडणार नाही.

वाफमास्तरांनी तुला आशीर्वाद कळवलेत आणि वॉर्डात वाफ देता का असं विचारलंय. तब्येतीला जप. जेवत जा.

तुझा आज्ञाधारक
धाकटा

ता. क. निर्णय तुझाच हे मी वर लिहिलं ते खरंच आहे, पण एक बारीकशी गोष्ट लिहायची राहिली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी फोन केला त्याच्या दोनच दिवस आधी. म्हणजे बघ, मी परवानगी मागायला फोन केला नव्हता, कळवायला केला होता, आणि तू मला 'बाबांचं ऑपरेशन' याच्या पुढचा 'झालं' हा शब्द उच्चारूच दिला नाहीस. तेव्हा वर जिथे जिथे 'ऑपरेशन करावं की नाही' असा अर्थ निघतो तिथे 'डाव्या डोळ्याचं' असं मनात धरून पुन्हा एकदा वाच. सगळं व्यवस्थित झालं. ना ताप, ना खोकला, ना आणखी काही. थेंब वेळच्या वेळी घालतो, आधी हात धुवून (फक्त हात). डोळ्याला पाणी लागू देत नाही. पुढचे चार दिवस मी फोन उचलणार नाही. भावजयीशी बोल, तिच्यावर तू ओरडत नाहीस.

ता. क. २. खरं तर पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. डोळ्यावरचं झाकण काढलं तेव्हा बाबांनी आधी तुझ्या भावजयीकडे पाहिलं आणि म्हणाले, किती वाळलीस गं. मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तू कधी म्हातारा झालास? मग इकडेतिकडे बघत राहिले. आम्ही ओळखलं आणि फोनवरचा तुझा फोटो समोर धरला, तो पोशाखातला, ज्यात तुझे नुसते डोळे दिसतात. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि परत दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना म्हणाले, डाव्या डोळ्याचं एवढ्यात नको. आम्ही दोघांनी समजावलं, वाफमास्तरांनीही समजावलं (म्हणून तर बाबा जास्तच अडून बसले). ताई, साथ सुरू झाल्यापासून तू या घराचा उंबरा चढलेली नाहीस. बाबांना तुझ्यामुळे काही होईल म्हणून येत नाहीस, हे मला कळतं, आणि बाबांनाही कळतं. पण तूही लस घेतलीस, त्यांनीही घेतली. चाचणी करून ये, मास्क लाव, खिडकी उघडून लांब बस, हवं तर अंगणातूनच बोल. तू येण्याचे तोटे तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. तू न येण्याचे मी इथे रोज बघतोय.

ता. क. ३. बाबा पेन मागताहेत. खालचं त्यांच्या हातचं आहे, मी वाचणार नाही.

पोरी, पाकीट बंद करायच्या आधी हे सगळं पत्र मी स्वतः वाचलं. वाचायला दुकानातला तात्पुरता चष्मा लावला, त्याचा नंबर माझा मीच काढला, तुझ्या भावाला हात लावू दिला नाही. त्याचं अक्षर इतकं वाईट आहे हे मला आजच कळलं. दुकानाच्या कोपऱ्यात जळमटं आहेत, जिन्याचा कठडा रंगवायला झालाय, आणि तुझ्या भावजयीने सगळं धुतलं असं तो म्हणतो त्यात फारसं तथ्य नाही. हे सगळं दिसलं. पाहायचं म्हणून जे ठरवलं होतं ते अजून राहिलंय. डॉक्टर डाव्या डोळ्याची तारीख विचारताहेत. तुला सुट्टी कधी आहे ते कळव, म्हणजे मी त्यांना तीच सांगतो.

बाबा